कोश्ता

ब्रॉकटनमध्ये, बुटांच्या बंद कारखान्यासमोर,
दुसऱ्या मजल्यावर वकीलबाईंचं ऑफिस.
मी मधल्या खुर्चीत बसतो. दुभाषी.
तासाचे पैसे मिळतात ते
स्वतःचं काही न बोलण्याचे.

डावीकडे दुल्सेलीना बारुश,
वृद्धाश्रमात मदतनीस, रात्रपाळी, अकरा वर्षं.
कोट अंगावरच. काढायचा तर
हात मागे न्यावा लागतो.

एक ते दहामध्ये दुखणं किती?
मी विचारतो.
ती म्हणते, बसल्यावर, की मोजे घालताना?
मी सांगतो.
फॉर्मवर चौकोन एकच.
आठ, ती म्हणते. मग घाईने,
सात लिहा. खोटं नको.

फेब्रुवारी. पहाटेचे तीन चाळीस.
मजल्यावर दोघी हव्यात, एकटीच होती.
माणूस उचलायचं यंत्र, त्यात लेविट आजोबा,
दोनशे तीस पौंड, हवेत,
आणि पट्टा शिवणीतून उसवत गेला
टर्र आवाज करत.
तिने खाली स्वतःची पाठ घातली.

सोडलं असतं तर? वकीलबाई विचारतात.
तर आज या खुर्चीत त्यांची मुलगी बसली असती.
मी भाषांतर केलं.
कोणी हसलं नाही.

नोंद त्याच दिवशी केलीत?
नाही. त्यांना आधी पुसून काढायचं होतं,
मग सहा जणांचा नाश्ता.
तिसऱ्या दिवशी सांगितलं,
तेव्हा सुपरवायझर म्हणाली, बर्फ लाव.

मग कायदा.
तो मी सावकाश सांगतो, मलाही तो तुकड्यांनीच कळतो.
मालकावर खटला भरता येत नाही.
त्या बदल्यात भरपाई:
पगाराच्या शंभरातले साठ, डॉक्टर, औषधं.
त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही.

ती माझ्याकडे बघते.
विचारतच नाहीत?
विचारत नाहीत.
मग ते मी कुठे लिहू?

हेही मी सांगितलं, जसंच्या तसं.
वकीलबाईंचं पेन थांबलं.
पट्टा, त्या म्हणाल्या. पट्टा बनवणारी कंपनी
तुमची मालक नाही. तिला कोर्टात विचारता येईल.
पण तो पट्टा आता कुठला मिळायला?

दुल्सेलीना वाकली नाही, वाकता येत नाही;
पायाने पिशवी माझ्याकडे सरकवली.
आत बिस्किटांचा डबा, डब्यात पट्टा,
पट्ट्याला चिकटलेले तांदळाचे दोन दाणे.
लेविट आजोबांनी उशीखाली लपवला होता.
समोरच्याच कारखान्यात त्यांनी तीस वर्षं
बुटांचे तळवे शिवले.
उसवलेल्या टाक्यांवर अंगठा फिरवत म्हणाले,
एकेरी दोरा! चपलेलासुद्धा
आम्ही दुहेरी घालायचो, पोरी.

हात लावू नका, वकीलबाई ओरडल्या,
आणि मग हळूच,
घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.

इथे मी अडलो.
आमच्या बेटांवर पाठीला कोश्ता म्हणतात.
समुद्राच्या काठालाही कोश्ताच.
म्हणजे सकाळपासून ती सांगत होती,
माझा काठ दुखतो, माझ्या काठावर वजन आलं,
रात्री मला काठावर झोपता येत नाही,
आणि मी प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे
पाठ म्हणत होतो.
दुभाष्याने भर घालायची नसते.

शेवटी तिने सही केली.
खाली माझीही: भाषांतर खरं आणि पूर्ण आहे.
पूर्ण या शब्दापाशी पेन जरा रेंगाळलं.
पण तेवढ्यासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती.

जिना उतरताना तिची पिशवी मी घेतली.
हे माझ्या कामात बसत नाही.
डबा तर वरच राहिला होता, कुलपात,
तरी पिशवी जड होती.
काय आहे आत, मी विचारलं,
दिवसभरातलं माझं पहिलं वाक्य.

बूट, ती म्हणाली. कामाचे.
कोणी सांगावं, बोलावतील.