एक नवा आवाज

लाईट गेली की मी गल्लीतले आवाज मोजते.
दवाखान्याचं जनरेटर आधी खोकतं, मग धरतं.
त्याला चेंजओव्हर आहे, खाजाभाईनं बसवलेला,
डोळ्यानं बघून आलेय.

आज एक नवा आवाज. कत्रुवारांकडून.
अन् हे सकाळपासून पाथरी रस्त्याला, खांबावर.

कणकेच्या हातानंच गेले.
मशीन बोळीत, धूर जिन्यात,
आणि एक पिवळी वायर, दोन्ही टोकांना पिन:
एक जनरेटरात, एक मिक्सरच्या बोर्डात.
"मेन पाडला का रे?"
मुकुंदा हसला. "कशाला काकू? सगळं घर चालू झालंय की."

घर चालू झालं, बाबा,
पण वीज काही उंबऱ्याशी थांबत नाही.
मीटरातून उलटी जाते, डीपीत चढते,
दोनशे तीसची अकरा हजार होते,
आणि तिकडं जो तार धरून बसलाय
त्याला वाटतं, तार मेलेली आहे.

आधी मशीन बंद कर. मग पिन काढ.
उघड्या पिनेला हात लावशील तर बघ.

पंखा सावकाश थांबला. त्याचं हसूही.

संध्याकाळी खाजाभाईंनी खटका बसवला:
वर लाईन, खाली जनरेटर, मध्ये शून्य.
"एका टायमाला एकच. दोघांची गाठ पडायची नाही."
मशीन अंगणात गेलं, लिंबाखाली, खिडक्यांपासून लांब.

ती वायर मी मागून आणली.
दोन्ही पिना छाटल्या.

रात्री हे आले. खाकी शर्ट वाळत घालताना म्हणाले,
"दोरी नवी दिसते."
म्हटलं, हो.
ताट वाढलंय.