इश्बेल बॅग भरते

ड्युगल्ड, पलंगावरचे पाय काढ आधी,
मला तिथे घड्या मांडायच्यात.
आणि ते पत्रक वाच पुन्हा, मोठ्याने,
संध्याकाळचं.

“सहानंतर जेवणघरात पुरुषांनी
कॉलरचा शर्ट, पूर्ण लांबीची पँट.
अर्ध्या चड्ड्या, उघड्या चपला चालणार नाहीत.
टायची सक्ती नाही.”

सक्ती नाही म्हणे!
म्हणजे लावलास तरी लोक बघणार,
नाही लावलास तरी बघणार.
कॅज्युअल म्हणजे काय, मी सांगते:
तासभर आरशासमोर घालवायचा
आणि आत्ताच झोपेतून उठून आलो असं दाखवायचं.
त्यातलं अर्धं तुला जमतंच.

ही करडी पँट. कंबरेत दोन बोटं सैल केलीय,
अकरा रात्री आहेत आणि जेवण फुकट.
ही निळी.
जीन्स नाही, धड असो वा फाटकी.
बूट काळेच, मॅकइनिसला पोचवायला गेलो तेव्हाचे,
तळ नवे बसवून आणलेत,
कुरकुरले तर कुरकुरू देत, माणूस येतोय एवढं तरी कळेल.

कोट एकच आहे तुला. यार्डाने घड्याळ दिलं त्या दिवशीचा.
थांब, खिशात काहीतरी आहे.
खडू.
पोलादावर रेघ मारायचा तुझा खडू, नखाएवढा उरलेला.
एकतीस वर्षं मी हे खडू खिशांतून काढत आले
धुण्याच्या आधी, कधी धुण्याच्या नंतर.
असू दे. हा राहू दे तिथेच.

शर्ट लांब बाह्यांचे घेतलेत,
कारण मला ठाऊक आहे तू झाकणार,
मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांनी गोंदलेलं ते सगळं.
पण सूप आलं की बाह्या दुमड.
दोन घड्या. जास्त नको, भांडायला निघाल्यासारखं दिसतं.
शेजारची कुणी विचारेल, हे हो काय झालं?
सांग, जहाज चावलं.
खोटं कुठे आहे?

किती उतरवलीत तुम्ही पाण्यात.
दर वेळी बँड, दर वेळी टोप्या हवेत,
आणि जहाज एकदा नदीत घसरलं
की त्याच्या जिन्यावर पुन्हा
तुमच्यातल्या कुणाचं पाऊल नाही.

माझं काय विचारतोस?
डनूनच्या फेरीबोटीत वीस मिनिटांत दोनदा ओकलेय मी.
अकरा रात्री! नको रे बाबा.
लॅकलन आहे की सोबतीला, तुझा सख्खा भाऊ.
तो घोरतो, कापूस डाव्या बुटात घातलाय.
आणि तो हॅलिफॅक्सहून नुसते टी-शर्ट घेऊन येणार,
दाराशीच अडवतील त्याला,
म्हणून सतरा इंची कॉलरचा एक जास्तीचा ठेवलाय.
मी दिला म्हणू नकोस. फुगेल.

आता हा. तोंड वाकडं करू नकोस.
हो, तोच, पिवळाधमक.
“बोया दिसतो मी त्यात,” म्हणाला होतास
आणि तीन नाताळ तो कपाटात लोंबला.
पहिल्या संध्याकाळी हाच घालायचा.
साडेसहाला सुटतं जहाज,
जुलै आहे, दहापर्यंत उजेड.
आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाईल,
जशी सगळी जातात.
तू डाव्या बाजूच्या कठड्याशी ये.
दुर्बिणीची काच पुसून ठेवलीय मी.
तीन हजार माणसं असतील,
करड्या-निळ्यातला म्हातारा मला कुठून सापडणार?
हात नको हलवूस, सगळेच हलवतात.
नुसता उभा राहा, क्लोकचं दीपगृह मागे पडेपर्यंत.
मग जा जेवायला.
सूप गार झालं तर झालं.

बघतोस काय?
ऊठ, बस या बॅगेवर.
चेन लागत नाहीये.