बत्तीस आरे

यर्नेयच्या दुकानात चाकं आकड्यांना टांगलेली असतात,
खाटकाकडे मांस असतं तशी.
तो एक उतरवतो, काट्यावर ठेवतो
आणि आकडा स्थिर होईपर्यंत
आम्ही दोघंही श्वास धरतो.

"कार्बन घे," तो म्हणतो. "सीटमधले शंभर ग्रॅम
नुसते बसून असतात. रिममधले फिरतात,
दर फेऱ्याला पुन्हा ढकलावे लागतात."
पटतं. शेवटच्या वळणाआधीच्या चढावर
ते शंभर ग्रॅम मला नावानिशी ओळखू येतात.

पण उतारावर मुळं आहेत.
गेल्या ऑक्टोबरात पेत्सा डोंगरातल्या एका दगडानं
मागच्या रिमचा लचका तोडला होता,
यर्नेयनंच पान्यानं वाकवून ती सरळ केली.
कार्बन वाकत नाही, असं तो सांगतो.
मग काय करतं, ते सांगत नाही.

बाबा सोबत आलेत, बेकरीत जाता जाता, उगाच.
एकतीस वर्षं मेझित्साच्या शिशाच्या खाणीत.
एका बोटावर चाक तोलतात, किंमत विचारतात,
थोडा वेळ गप्प.
"आम्हाला वजनाचे पैसे मिळायचे.
तुम्ही वजन नसल्याचे देता."
मग काट्यावर स्वतःची टोपी ठेवून बघतात.
चौऱ्याण्णव.

यर्नेयनं माझं वजन विचारलं,
मी चार किलो कमी सांगितले.
रात्री झोप लागेना.
सकाळी दुकान उघडायच्या आत फोन केला,
खरं सांगितलं.
म्हणून ॲल्युमिनियम. म्हणून अठ्ठावीस नाहीत, बत्तीस आरे.
दोन चाकांत मिळून वाचले तीनशे दहा ग्रॅम:
दोन सफरचंदं, फार मोठी नाहीत.

जुनं मागचं चाक बाबांनी मागून घेतलं,
परसात खांबावर आडवं ठोकलं,
आऱ्यांना सुतळ्या बांधून घेवडा सोडला.
जुलैत तो वर पोचला. माझ्याआधी.

कारण चढ अजून चढच आहे.
फरक कळला तो घरी येताना, फाटकाशी.
जुना हब रातकिड्यासारखा किरकिरायचा,
नव्याचा आवाज बारीक, दाट,
कुणी लांबलचक चेन ओढत असल्यासारखा.
आमचा रुयो, आठ वर्षांत माझ्यावर कधी न भुंकलेला,
दात दाखवत धावून आला
आणि मी हेल्मेट काढून, हाक मारून,
हात पुढे करेपर्यंत
मागे हटला नाही.