खडू

गेथिननं गाडी दोन इंच खाली बसवली.
ब्लायनायच्या चिप्सच्या दुकानापाशी पोरं वाकून बघायची.
खिंडीत मात्र ती
आधीपेक्षा जास्त कलंडू लागली.

टॉर्च दातांत धरून मी खाली शिरले.
आर्म चाकाकडे चढलेले,
नको तिथं नाक वर केल्यासारखे.
भिंतीवर काढून दाखवलं:
हे वजन. आणि अंग ज्याच्याभोवती झुलतं
तो बिंदू...
खडू फरशीला टेकला.
रेघ अजून खाली जायची होती.

"नेरिस, म्हणजे रस्त्यात पुरला?"
"तूच पुरलास."

लांब दांड्याचे बॉल जॉइंट घातले.
आर्म आडवे झाले, उंची तीच.

रविवारी आईकडून येताना
ओल्या स्लेटच्या भिंतीलगत त्यानं वळण घेतलं,
शेजारच्या सीटवर अंड्यांचा ट्रे.
एकच फुटलं, म्हणाला,
तेही उतरताना, गुडघा लागून.