तीनचा खेळ, रात्रपाळी

बर्डीवर तीनचा खेळ.
राजाचं डोकं फिरतं मध्यंतराच्या जरा आधी:
आरसे फोडतो, झुंबराशी भांडतो,
मागे शंभर सनया.
बाल्कनीतून कुणीतरी शिट्टी मारतं.

असं नसतं, बाप्पा.
एकवीस वर्षं झाली मला वॉर्ड सातात.
आरसे आम्ही आधीच काढून ठेवतो.
आणि सनया कुठल्या,
रात्रभर गळका नळ.

पण एक जागा बरोबर पकडली होती.
राजा हुजऱ्याला विचारतो, "जेवलास?"
"जी, जेवलो."
एकच जोडा घालून पुन्हा, "जेवलास?"
हुजऱ्या तिसऱ्यांदाही असं सांगतो
जणू आत्ताच हात धुऊन आलाय.

त्याचं नाव पाहायला मी शेवटपर्यंत बसलो.
घोडेवाल्यांचीसुद्धा नावं भराभर वर गेली.
झाडूवाली म्हणाली, भाऊ, पाय उचला.

पागलखाना चौकात उतरलो, डबा पिशवीत तसाच.
टेंभुर्णे गुरुजी खाटेवर जागे.
"काहून उशीर?"
"पिक्चर होता. राजाचा."
"मेला का?"
"नाही."
"तू जेवलास?"
"जेवलो, गुरुजी."
त्यांनी चादरीची घडी मोडली,
पुन्हा घातली, कोपऱ्याला कोपरा लावून.
"जेवलास का रे?"