सरावातला जखमी

जखमी कोणी व्हायचं, यावर वीस मिनिटं गेली.
गणोजी भालेकर, अग्निशमन दलातून निवृत्त,
गळ्यात शिट्टी, दोनदा घड्याळ बघून म्हणाले,
"पूर तुमची मीटिंग संपायची वाट बघत नाही."
मी हात वर केला. गुडघे दुखत होते, कुठेतरी बसायचंच होतं.
"बसायचं नाही, ताई. आडवं व्हायचं."

ओढ्याकाठी आमच्या तीन इमारती.
वर कात्रजच्या डोंगरावर कोसळला की
पाऊण तासात इथे स्कूटर तरंगतात.
वाघचौऱ्यांच्या भिंतीची ओल गेली, रेघ राहिली,
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं.
नंतर दोनदा रंग दिला त्यांनी, रेघ मुद्दाम सोडून.
पाहुण्यांना दाखवतात,
पोराची उंची दाखवावी तशी.

वही माझ्याकडे असते. दोनशे पानी, शाळेतली,
महिनाभर दारोदार फिरून भरलेली:
कोणाला जिना उतरवत नाही, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये,
कुठल्या घरात ऑक्सिजनचं मशीन,
कुठलं कुत्रं चावतं, कुठलं नुसतं भुंकतं.
नसीमा बागवान म्हणाली, "लिही, आमची हातगाडी आहे.
पोंक्षेकाकूंना बसवून ढकलता येईल.
कलिंगडं काय, माणूस काय, चाकाला सारखंच."
दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची तीन मुलं.
आधी दार अर्धंच उघडलं, त्यांना वाटलं भाडं वाढतंय.
मग एकानं विचारलं, "आमचं पण नाव लिहिणार?"
लिहिलं. तिघांचं, गावासकट.

घारपुऱ्यांकडे मी गेले नाही.
नऊ वर्षं बोलत नाही आम्ही,
पार्किंगमधल्या दीड फरशीवरून.
माहीत होतं तेवढं लिहून टाकलं:
एकटे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

हां, तर जखमी.
दोन बांबू, एक जाड चादर, ती गुंडाळायची एक रीत,
भालेकर तीनदा दाखवतात, चौथ्यांदा चिडतात.
मला तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचं.
डोक्याशी त्या मुलांपैकी दोघं,
पायाशी वाघचौरे, आणि दुसरा बांबू धरायला
पुढे आले घारपुरे.
मी डोळे मिटले. जखमीला तेवढी मुभा असते.

वळणावर उघडले.
बावीस वर्षं चढले-उतरले हा जिना,
उताणी होऊन कधी बघितला नव्हता.
कोळ्याची जाळी. छतावर
कोणाच्या तरी चेंडूचे मातकट शिक्के.
एके ठिकाणी गिलावा पडून सळई उघडी
(खाली गेल्यावर हे वहीत लिहायचं).
"सावकाश. भिंतीला डोकं लागेल त्यांचं," घारपुरे म्हणत होते,
मुलांना. मला नव्हे.
मग एका पायरीवर बांबू निसटला, चादर कलली,
आणि त्यांचा हात माझ्या घोट्यावर घट्ट बसला,
गार, खरखरीत, थोडा थरथरणारा.
नऊ वर्षांतलं आमचं हे पहिलं बोलणं.

खाली यायला साडेसहा मिनिटं लागली.
टाळ्या वाजल्या. भालेकर म्हणाले, "बाई गेली असती.
पुढच्या रविवारी परत."

चहा आला. घारपुरे वही चाळत होते,
चाळता चाळता तीनशे दोनपाशी थांबले. ते माझं घर.
सगळे रकाने भरलेले,
'जादाची किल्ली कोणाकडे' तेवढा कोरा.
वाटलं, आता काहीतरी बोलतील.
त्यांनी खिशातून पेन काढलं, चार पानं मागे गेले,
स्वतःच्या नावापुढचं 'डाव्या' खोडलं,
वर नीट अक्षरात 'उजव्या' लिहिलं
आणि वही माझ्या हातात दिली.

रात्री जादाची किल्ली शोधत बसले.
कपाटात नाही, पिठाच्या डब्यामागे नाही.
खिडकीखाली ओढा कोरडा, प्लास्टिकनं भरलेला.
कुठेतरी कुत्रं भुंकलं.
ते नुसतं भुंकणारं.