दोन चाकांच्या मधे

कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसात
पारखांच्या मुलानं टेबलावर जहाज पसरलं,
कागदावरचं. अकरा मजले,
वारूळ कापून ठेवावं तशा खोल्या,
निळ्या बाल्कनीवाल्या, पिवळ्या खिडकीवाल्या,
आणि करड्या, ज्यांना काहीच नाही.
म्हणाला, काकू, वरची घ्या. नववा मजला, पुढचं टोक.
सकाळी पडदा सरकवला की नुसता समुद्र.

मी चष्मा पुसला.
चोवीस वर्षं पंचवटी डेपोत काढलीत, बाळा.
नाशिक–पेठ, नाशिक–सप्तशृंगी गड,
कळवण मुक्कामी.
हलतं कुठं, ते मला कागदावर नको दाखवूस.

शेवटच्या बाकावरचा माणूस
खड्ड्यात आधी वर जातो, मागून त्याचा जीव.
ड्रायव्हरच्या पाठीशी बसलेला
प्रत्येक वळण अंगावर घेतो.
आणि उंचीचं काय असतं
ते टपावर बांधलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याला विचार.
सतरा-अठरा नंबर.
पुढच्या-मागच्या चाकांच्या बरोबर मधे.
तिथं ठेवलेली दुधाची किटली
नांदुरीपासून गडापर्यंत हिंदकळते,
सांडत नाही.

तर जहाजाची चाकं कुठं असतात, सांग.

तो हसला. मग हसायचा थांबला,
आणि पेन्सिलीनं जहाजाच्या पोटात एक फुली मारली.
चौथा मजला. मधोमध.
पण काकू, तिथं खिडकी नाही.

खिडकी त्यांना नकोच आहे.
निवृत्ती गांगुर्डे, वय बासष्ट,
सातपूरला लेथवर जन्म गेला,
सुताएवढा फरक बोटानं ओळखणारे,
आणि कान असे
की दुसऱ्याचा पाळणा हलताना बघूनही भोवळ.
लग्नानंतर जोडीनं गडावर निघालो,
तिसऱ्या वळणाला माझा शालू गेला.
पुढं माझ्या गाडीत ते एकदाच बसले.
पूर्ण तिकीट फाडलं, आलेपाकाची वडी दिली,
आणि सतरा नंबरवरच्या बाईला उठवलं.
नियमात नव्हतं.
चोवीस वर्षांत तेवढंच.

तो म्हणाला, क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं म्हणतात.
मग वर जाऊन बघू की.
क्षितिज काय खोलीतच लागतं?
पलंग जहाजाच्या लांबीत आहे की आडवा?
डोक्यावर काय आहे, नाचायची जागा तर नाही?
तो फोन लावून विचारत राहिला,
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणाला.
लेक पैसे देतेय, मी म्हटलं,
उलट्या मला पुसायच्या आहेत.

आणि तुम्हाला काकू? तुम्हाला कसं चालेल?

आता ह्याला काय सांगावं.
मे महिन्यात बिल्ला जमा केला,
तेव्हापासून हिरावाडीच्या घरात
फरशी जागची हलत नाही.
दूध तापेपर्यंत मी पाय फाकवून उभी असते.
भांडी घासता घासता एक हात उगाच वर जातो,
दांडी शोधायला.
रात्री पाणी प्यायला उठले
की सगळं इतकं स्थिर असतं
की माझाच तोल जातो.
ह्यांना वाटतं बीपी आहे.
गोळी चालू केलीय.

मी कागद आपल्याकडे ओढला.
बोट पार टोकाला नेलं,
जहाज जिथं निमुळतं होतं तिथं.
इथं काय?
मोकळा डेक. कुणी फारसं थांबत नाही, काकू,
सगळ्यात जास्त उसळतं तिथंच.

हं.

बुकिंग चौथ्या मजल्याचं कर. मधलंच.
पलंग लांबीत हवा, ते लिहून घे.
आणि तिथून इथवर यायचा जिना
तेवढा पेन्सिलीनं काढून दे.
ते दुपारचे झोपतात.
दोन ते चार.